'टेन्शन घेऊ नका' म्हणण्याआधी : वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या नर्ससाठी

वॉर्डात पहिले काही दिवस गेले की एक वाक्य आपोआप तोंडात बसतं. 'काही होत नाही, टेन्शन घेऊ नका.' डॉक्टर म्हणतात, मावशी म्हणतात, शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक म्हणतात, मग आपणही म्हणतो. पेशंट मान हलवतो आणि त्याची नाडी होती तिथेच राहते. कारण त्याला जे होतंय ते शरीरात होतंय, आणि शरीराला सूचना देऊन ते थांबत नाही.

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून नुकतेच वॉर्डात आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. ताणाचं शरीरक्रियाशास्त्र तुम्ही परीक्षेत लिहून आला आहात. ते कॉटपाशी उभं राहिल्यावर कसं दिसतं आणि पुढच्या अर्ध्या तासात काय करायचं, ते इथे क्रमाने आहे.

उदाहरण एकच धरू. समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या, बावन्न वर्षांच्या काकू. उद्या सकाळी पिशवीचं ऑपरेशन. शुगरची गोळी चालू. सकाळी बीपी, नाडी, शुगर तिन्ही बरं होतं. संध्याकाळी सहाला बीपी १५८/९६, नाडी ११०, ग्लुकोमीटरवर २१०. मधल्या वेळात झालं इतकंच की शेजारच्या कॉटवरची बाई ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) कण्हत परत आली, आणि काकूंची संमतीपत्रावर सही झाली. काकू म्हणतात, "शिष्टर, काळीज लई धडधडतंया."

पायरी १ : शरीरात काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणा

ताणाला शरीर दोन टप्प्यांत उत्तर देतं. पहिला टप्पा सेकंदांत सुरू होतो. मेंदूला धोक्याची जाणीव झाली की सिम्पथेटिक मज्जासंस्था जागी होते आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरतं. हार्वर्डमधल्या वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याची मांडणी केली. त्यालाच आपण 'लढा किंवा पळा' प्रतिक्रिया म्हणतो. हृदय जोरात आणि भरभर चालतं, श्वासनलिका रुंदावतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. स्नायूंकडे जास्त रक्त जावं म्हणून त्वचेचं आणि आतड्यांचं कमी होतं.

आता हे पेशंटच्या भाषेत ऐका. हातपाय गार पडले, घशाला कोरड पडली, दरदरून घाम फुटला, पोटात गोळा आला, सारखं लघवीला लागल्यासारखं वाटतंय. यातली प्रत्येक तक्रार याच प्रतिक्रियेतून येते. 'मला अँग्झायटी आहे' असं वॉर्डात कुणी म्हणत नाही. 'जीव घाबरा होतोय', 'कसंतरीच होतंय' असं म्हणतात.

दुसरा टप्पा संथ असतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला, पिट्युटरीकडून एसीटीएच या संप्रेरकामार्फत अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थराला निरोप जातो आणि कॉर्टिसॉल वाढतं. ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी ते शिखरावर असतं. कॉर्टिसॉलचं काम रक्तातली साखर चढी ठेवणं, त्यासाठी गरज पडली तर स्नायूंमधली प्रथिनं मोडणं, आणि दाह व प्रतिकारशक्ती आवरणं. थोडा वेळ हे उपयोगाचं असतं. दिवसेंदिवस चाललं तर जखम भरायला उशीर, जंतुसंसर्गाची शक्यता, झोपेचा विचका. याच काळात एडीएच आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांमुळे शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवतं, म्हणून ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी लघवी थोडी कमी होणं हे काही प्रमाणात ताणाच्या प्रतिसादातलंच असतं. पण तासाला दर किलो वजनामागे अर्ध्या मिलीच्या खाली गेली की कळवायचंच, तिथे 'ताण असेल' म्हणून गप्प बसायचं नाही.

ताणावर संशोधन करणाऱ्या हान्स सेल्ये यांचं नाव तुम्ही पाठ केलं आहे. १९३६ मध्ये त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजा कसलीही असो, शरीराच्या प्रतिसादाचा एक साचा सारखाच असतो. धोक्याची घंटा, मग तग धरणं, मग थकून जाणं. परीक्षेनंतर यातला तिसरा टप्पा बहुतेक जण विसरतात, आणि वॉर्डात तोच जास्त दिसतो. तीन आठवडे पडून असलेला, आता काही मागतही नसलेला, ताट तसंच परत पाठवणारा पेशंट 'शांत' वाटतो. त्याच्याकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी जातं.

काकूंकडे परत येऊ. त्यांची २१० शुगर चहातल्या साखरेमुळे असेल किंवा भीतीमुळे. त्यामुळे "काय खाल्लंत?" असं दरडावून विचारायचं नाही. काय खाल्लं ते साध्या आवाजात विचारा, आकडा डॉक्टरांना कळवा आणि पुढे चला.

पायरी २ : 'घाबरलीय' हे सगळ्यात शेवटी म्हणायचं

ही पायरी गाळली तर बाकीच्या सगळ्या वाया. धडधड, घाम, अस्वस्थपणा, भरभर श्वास ही ताणाची लक्षणं आहेत आणि जीव घेणाऱ्या अर्धा डझन गोष्टींचीही हीच लक्षणं आहेत. बिछान्यात चुळबुळ करणारा, ऑक्सिजनचा मास्क ओढून काढणारा पेशंट पुष्कळदा 'त्रास देत' नसतो, त्याला ऑक्सिजन कमी पडत असतो. अस्वस्थपणा हे ऑक्सिजन उतरल्याचं फार लवकर दिसणारं लक्षण आहे, ओठ निळे पडण्याच्या कितीतरी आधीचं.

म्हणून आधी हात लावा. नाडी पूर्ण मिनिट मोजा, नियमित आहे का पाहा. श्वास मोजा. मोजा म्हणजे खरोखर मोजा, चार्टवर सगळ्यांना वीस लिहायची सवय लावून घेऊ नका. एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण), तापमान, ग्लुकोमीटर. शुगर ७० च्या खाली असेल तर हीच धडधड आणि हाच घाम असतो. छातीत, जबड्यात, डाव्या हातात, पाठीत दुखतंय का विचारा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो, नुसती धाप किंवा मळमळ असते, त्यामुळे शंका आली तर ईसीजी काढायला डॉक्टरांना बोलवा. ऑपरेशन झालेला पेशंट असेल तर चादर बाजूला करून ड्रेसिंग आणि ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) पाहा. ओटीपोट चाचपून पाहा. लघवी तुंबलेला माणूस वेड्यासारखा तळमळतो, आणि कॅथेटरची नळी नुसती पायाखाली दुमडलेली असते.

मग औषधांचा कागद. नुकतंच सालब्युटॅमॉलचं नेब्युलायझेशन (दम्याच्या औषधाची वाफ) झालं असेल, दम्यावरचं डेरिफायलिन दिलं असेल, तर धडधड आणि हात थरथरणं त्याचं असू शकतं. पेरिनॉर्म हे उलटीवरचं औषध शिरेतून भराभर दिल्यावर काही पेशंटना एका जागी बसवत नाही, उठून पळावंसं वाटतं. ही औषधाची प्रतिक्रिया आहे, नाटक नाही. डॉक्टरांना सांगा. उलट बाजूने, बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आवरणारं औषध) घेणाऱ्या पेशंटची नाडी तो कितीही घाबरला तरी फारशी वाढत नाही. त्याची शुगर उतरली तरी धडधड होत नाही, घाम मात्र येतो.

आणि सवयी विचारा. दारू रोजची असेल आणि दाखल झाल्यापासून बंद असेल तर शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, चिडचिड सुरू होते. भ्रम आणि झटापटीपर्यंत पोचणारा प्रकार साधारण दोन-तीन दिवसांनी. हे पुरुषांच्या वॉर्डात आपण विचारतो. बायकांच्या वॉर्डात मिश्री विचारायची राहून जाते. रोज सकाळी मिश्री लावणाऱ्या बाईची दवाखान्यात आल्यापासून ती बंद असते, सुनेसमोर मागायची सोय नसते, आणि निकोटिन न मिळाल्याची अस्वस्थता आपण 'ऑपरेशनची भीती' म्हणून लिहून मोकळ्या होतो. नातेवाईक बाहेर गेल्यावर हळूच विचारा. चार वाजताचा चहा चुकल्याने डोकं दुखणाऱ्यांचीही संख्या कमी नाही.

एक गोष्ट मनात कोरून ठेवा. 'मी आता वाचत नाही', 'काहीतरी वाईट होणार' असं पेशंट अचानक म्हणाला तर ते मनावर घ्या. रक्त चढत असताना म्हणाला तर आधी रक्त बंद करा, शिरेत नॉर्मल सलाईन नव्या सेटने चालू ठेवा आणि डॉक्टरांना हाक मारा. अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया, फुप्फुसात अडकलेली गुठळी, हार्ट अटॅक, या सगळ्यांत ही भावना बाकीच्या खुणांच्या आधी येऊ शकते.

काकूंचं सगळं पाहिलं. एसपीओटू ९८, श्वास २२, नाडी जलद पण नियमित, ताप नाही, छातीत दुखत नाही, मिश्री नाही. शुगर कळवली. आता म्हणता येईल की हे भीतीमुळे असावं.

पायरी ३ : बसा, आणि बीपी पुन्हा घ्या

उभ्याने विचारलेल्या प्रश्नाला पेशंट 'बरं आहे' असंच उत्तर देतो. स्टूल ओढा. कॉटवर बसायला मनाई असेल तर स्टूलच, पण डोळे पेशंटच्या उंचीला आले पाहिजेत. वेळ नाही हे मला माहीत आहे. चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर अशा ड्युट्या आपल्याकडे सर्रास असतात. पण बसून घालवलेली पाच मिनिटं आणि उभ्याने घालवलेली पाच मिनिटं पेशंटला सारखी वाटत नाहीत. शिवाय बीपी पुन्हा घ्यायला ती पाच मिनिटं तशीही लागणारच. लघवी करून आलेली, पाठ टेकलेली, पाय एकमेकांवर न टाकलेले, हात हृदयाच्या पातळीवर, आणि मोजताना कुणी बोलायचं नाही. रक्तातलं अ‍ॅड्रिनॅलिन काही मिनिटांतच निम्म्यावर येतं, नवी भीती घातली नाही तर. म्हणून पहिला आकडा घेऊन धावपळ करण्याआधी हा दुसरा आकडा हवाच. बीपी फारच चढलेलं असेल, डोकं दुखत असेल, डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, तर मात्र थांबत बसायचं नाही.

मग विचारा, "काकू, उद्याच्यातलं सगळ्यात जास्त कशाचं वाटतंय?" आणि गप्प राहा. हे गप्प राहणं नव्यांना जमत नाही, तीन सेकंदांत आपण स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

काकू आधी म्हणतील, काही नाही. मग म्हणतील, पाठीत सुई देत्यात म्हणं, जन्माची पाठ धरती. आणि मग थोड्या वेळाने खरं ते येईल. घरी दोन म्हशी आहेत. धार काढायला सून तयार नाही, म्हस तिला जवळ येऊ देत नाही. डेअरीचं दूध चुकलं तर हप्ता चुकतो.

रिचर्ड लॅझरस या मानसशास्त्रज्ञाने ताणाबद्दल जे सांगितलं ते इथे उपयोगी पडतं. माणूस आधी मनात तोलतो की यात मला धोका किती, आणि मग तोलतो की माझ्या हातात काय आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असं आलं की ताण चढतो. नर्सला पहिल्या प्रश्नाचं फारसं काही करता येत नाही, ऑपरेशन तर होणारच आहे. दुसऱ्यात मात्र करण्यासारखं पुष्कळ असतं.

पायरी ४ : भीती किती आहे त्यावरून किती बोलायचं ते ठरवा

हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन नर्सने चिंतेच्या चार पातळ्या मांडल्या : सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. परिचारिकेने परिचारिकांसाठी दिलेली ही वाटणी आहे आणि ड्युटीवर तिच्याइतकं कामाला येणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

सौम्य चिंतेतला पेशंट प्रश्न विचारतो, ऐकतो, लक्षात ठेवतो. इन्सुलिन कसं टोचायचं ते शिकवायचं तर याच वेळी. मध्यम पातळीवर तो एकाच गोष्टीला धरून बसतो, बाकीचं त्याच्या कानावरून जातं. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात, आणि त्याच्याकडून परत म्हणून घ्यायची. तीव्र चिंतेत शिकवणं फुकट आहे. तिथे आवाज खाली आणा, वाक्यं तीन-चार शब्दांची करा, गर्दी हटवा, थेट सांगा : "पाणी घ्या. माझ्याकडे बघा. सोडा श्वास." पॅनिकमध्ये असलेल्या पेशंटला एकटं सोडायचं नाही, एवढं एकच. काही आणायचं असेल तर मावशींना किंवा मामांना पाठवा, तुम्ही हलू नका.

पॅनिकमध्ये भरभर श्वास घेऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात, आणि ते पाहून पेशंट आणखी घाबरतो. हे त्याला सांगा : "बोटं आखडतायत ती श्वास भरभर चाललाय म्हणून. श्वास हळू झाला की सुटतील." कागदी पिशवी तोंडाला लावायचा जुना उपाय करू नका. दम्याचा किंवा हृदयाचा पेशंट असेल तर त्याने घात होईल.

काकू मध्यम पातळीवर आहेत. म्हशीला धरून बसल्यात. म्हणजे आधी म्हैस.

पायरी ५ : सुटण्यासारखं आहे ते आधी सोडवा

फोन लावून द्या. धाकट्या जावेला किंवा शेजारणीला धार काढायला सांगता येईल का, हे काकूंनाच बोलू द्या. दहा मिनिटांचं काम, आणि रात्रीच्या झोपेच्या गोळीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. पैशांची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राशी गाठ घालून द्या. योजनेत बसत नसेल किंवा कागद अपुरे असतील तर समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवा. 'खाली जाऊन चौकशी करा' म्हणू नका. कुठल्या मजल्यावर, कुठल्या खिडकीवर, कोणते कागद घेऊन, ते चिठ्ठीवर लिहून द्या. या गोष्टींना नर्सिंग म्हणायचं का, असा प्रश्न कधीकधी विचारला जातो. माझ्या मते पुस्तकातलं 'समस्याकेंद्री कोपिंग', म्हणजे अडचण सोडवून ताण हलका करणं, वॉर्डात असंच दिसतं.

पायरी ६ : उद्या काय होणार ते सांगा, आणि कसं वाटेल तेही सांगा

ऑपरेशन काय आहे, त्यात धोके काय, ते समजावणं डॉक्टरांचं काम. संमतीपत्रावर सही झाली पण पेशंटला कळलेलं नाही असं दिसलं तर तुम्ही समजावत बसू नका, डॉक्टरांना परत बोलवा. नर्सने सांगायचं ते वेगळं आहे : क्रम, वेळ, आणि संवेदना. शेवटची गोष्ट आपण सगळ्यात कमी सांगतो. पेशंट घाबरतो तो बहुतेकदा अनोळखी संवेदनेला, आणि आधी सांगितलेली असली की तीच संवेदना त्याला 'हे ठरल्याप्रमाणे चाललंय' असं वाटायला लावते.

काकूंना मी असं सांगेन : "उद्या तुमचा नंबर दुसरा आहे, दहा-साडेदहाला नेतील. मागेपुढे झालं तर मी किंवा सकाळची सिस्टर येऊन सांगेल. आत गारठा असतो, चादर मागून घ्या. बसवून पाठ वाकवायला लावतील, उशी पोटाशी धरायची. औषध लावतील ते गार लागेल, मग मुंगी चावल्यासारखं, मग दाब. थोड्या वेळात पाय गरम, मग जड होतील. हलवायला जाल तर हलणार नाहीत, ते औषधाचं काम आहे, काही तासांनी परत येतात. पोटापाशी ओढल्यासारखं कळेल, दुखणार नाही. दुखलं तर लगेच बोलायचं, भूलवाले डॉक्टर डोक्याशीच असतात. नंतर अंगात हुडहुडी भरते, ती बऱ्याच जणींना भरते. हाताला लावलेला पट्टा दर थोड्या वेळाने आवळेल."

आणि पाठीच्या सुईचं? 'काही होत नाही' म्हणू नका, कारण सुईच्या जागी काही दिवस दुखू शकतं आणि मग तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास जातो. "काही दिवस तिथे दुखेल. जन्माची पाठ धरते का, ते उद्या भूलवाल्या डॉक्टरांना विचारा, मी त्यांच्यासाठी लिहून ठेवते." आणि लिहून ठेवा.

उपाशी राहण्याबाबत भूलतज्ज्ञांची लेखी सूचना पाळायची. सर्वसाधारण नियम घन अन्नासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास असा आहे, पण वॉर्डात 'रात्री बारापासून काही नाही' सरसकट सांगितलं जातं आणि केस दुपारी दोनला लागते. यादी लांबली की भूलतज्ज्ञांना विचारा, घोटभर पाणी चालेल का. मधुमेही पेशंट असेल तर मधली शुगर तपासा. वाट पाहणं हा स्वतंत्र ताण आहे, आणि वेळ बदलल्याचं सांगायला न जाणं ही आपली सर्वांत सार्वत्रिक चूक.

मंगळसूत्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुस्तकात हे नाही. ओटीत जाताना दागिने काढायचे असतात. सकाळच्या घाईत ट्रॉली दारात उभी, आणि कुणीतरी म्हणतं, 'बाई, गळ्यातलं काढा लवकर.' कितीतरी बायकांची नाडी सुई पाहून वाढत नाही इतकी या वाक्याने वाढते. नवरा जिवंत असताना ते उतरवायचं म्हणजे अपशकुन, आणि तेही ऑपरेशनच्या तोंडावर. त्यामुळे हा विषय आदल्या संध्याकाळी काढा. कारण सांगा : ओटीतल्या विजेच्या उपकरणांमुळे भाजू शकतं, आणि गळा मोकळा लागतो. काढायचं काम त्यांचं त्यांनाच करू द्या, शक्यतो नवरा किंवा सासू जवळ असताना, आणि त्यांच्याच हातात द्या. काहीजणी गळ्यात हळदीचा दोरा बांधून घेतात. तो ओटीच्या सिस्टरला चालेल का ते आधी विचारून ठेवा. जोडवी सुजलेल्या बोटातून निघत नसतील तर ओढाताण करू नका, ओटीला कळवा, ते टेप लावायचं की कापायचं ते ठरवतील. चेकलिस्टवर काय काढलं, कुणाकडे दिलं, सही. हिरव्या बांगड्या फोडायला लागतील अशी भीतीही असते. साबणाच्या पाण्याने बहुतेकदा निघतात, आणि 'फोडू' हा शब्द तर उच्चारूच नका, 'वाढवू' म्हणा.

पायरी ७ : श्वास, झोप आणि त्यांची स्वतःची पद्धत

नाकाने श्वास चार मोजेपर्यंत आत, फुंकर घातल्यासारखा सहा मोजेपर्यंत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. सोडलेला श्वास लांब असला की व्हेगस मज्जातंतूच्या मार्फत नाडी खाली येते. पेशंटला आकडे देऊन सोडून जाऊ नका, पहिले पाच-सहा श्वास त्याच्याबरोबर तुम्ही घ्या. धाप लागलेल्या, सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला श्वास रोखायला लावू नका. पोटावर टाके असतील तर उशी धरून.

मोजणं न जमणाऱ्याला नामजप जमतो. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी नोंदवलं होतं की रोझरीची प्रार्थना किंवा 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. उशीखालची माळ, हाताला बांधलेला गंडा, मोबाइलवर चाललेला हरिपाठ, तसबी, गळ्यातला क्रूस, यांना हसू नका. इयरफोन आणायला सांगा, ओटीत जाईपर्यंत राहू द्या, जे काढावं लागेल ते पुन्हा मिळेल हे सांगा. अंगारा जखमेवर किंवा पोटात जाणार नाही एवढं बघा. कपाळाला लावायला कुणाची हरकत नाही.

रात्री आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, ती आपल्या एका ट्रॉलीच्या चाकाने मोडते. तेल घालून घ्या. इंजेक्शनं आणि बीपी एकाच फेरीत उरका. नर्सिंग स्टेशनवरच्या आपल्याच गप्पा कमी करा. आणि दुखत असेल तर आधी वेदनाशामक, कारण दुखणाऱ्या माणसाला श्वास मोजायला सांगणं म्हणजे चेष्टा. म्हातारे पेशंट रात्री बडबडायला लागले तर डिलिरियमचा (आजारपणात अचानक होणाऱ्या भ्रमाचा) विचार करा, डॉक्टरांना सांगा, आणि चष्मा, कानाचं मशीन पिशवीतून काढून त्यांना द्या.

पायरी ८ : कॉटखाली झोपलेल्या माणसाकडेही बघा

नातेवाईक तोच प्रश्न पाचव्यांदा विचारतो तेव्हा तो मूर्ख नसतो, मध्यम किंवा तीव्र चिंतेत असतो. वरचेच नियम त्यालाही लागू. 'डॉक्टर येतील तेव्हा सांगतील' हे उत्तर नव्हे. 'अकरा ते बाराच्या मध्ये राउंड असतो, तेव्हा घरातला एक जण इथे थांबा' हे उत्तर. आयसीयूबाहेर बारा जण असतील तर त्यांनाच एक माणूस ठरवायला सांगा, आणि ठरलेल्या वेळी त्याच्याशी बोला, नवीन काही नसलं तरीही. आजाराचं भवितव्य तुम्ही सांगू नका.

जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांच्या हातावर मुद्दाम साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. इतर बायकांपेक्षा त्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. दीर्घ आजारी नवऱ्याजवळ महिनाभर बसलेल्या बाईला "तुम्ही जेवलात का? कधी झोपलात?" असं विचारणं ही नुसती माणुसकी नाही, तो असेसमेंटचा भाग आहे. बदलीला कोण येऊ शकेल, तेही विचारा.

पायरी ९ : लिहा

'पेशंट घाबरलेली, धीर दिला' ही नोंद पुढच्या ड्युटीच्या काही कामाची नाही. अशी लिहा :

"सायं. ६:१० – बीपी १५८/९६, नाडी ११० नियमित, श्वास २२, एसपीओटू ९८, शुगर २१०. 'काळीज धडधडतंय' असे सांगते. छातीत दुखणे नाही. डॉक्टरांना कळवले. भीती : पाठीतील सुई, घरी म्हशींची सोय. फोन करून दिला, जाऊ धार काढणार. उद्याचा क्रम व संवेदना सांगितल्या, परत म्हणून दाखवल्या. सायं. ६:५० – बीपी १४०/८८, नाडी ९०. सुईबाबतचा प्रश्न भूलतज्ज्ञांसाठी लिहिला आहे. मंगळसूत्र पतीकडे, सही घेतली."

दुसरा आकडा लिहिल्याशिवाय काम झालं असं धरू नका. आकडा खाली आला नाही तर तेही लिहा आणि पुन्हा पायरी दोनवर जा.

पायरी १० : आपल्या हाताबाहेरचं

काही ताण स्टूल ओढून सुटत नाहीत. सलग झोप नाही, जेवण बंद, 'जगून काय करायचं' अशी भाषा, सामान वाटून टाकणं, हे दिसलं की डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरना त्याच ड्युटीत सांगा. 'मरून जावं असं मनात येतं का?' हे सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरत नाही. विषारी औषध पिऊन आलेल्या पेशंटला आपल्याकडे अजून ऐकवलं जातं, 'आईबापांचा विचार नाही केलास?' ते बंद करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं असतं. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) होईल, पोलिस येतील, पण कॉटपाशी तो तुमचा पेशंट आहे. नजरेसमोरची कॉट द्या, उशाशी ब्लेड, दोरी, औषधाच्या पट्ट्या ठेवू नका, मानसोपचार विभागाचा कॉल लागला आहे ना ते पाहा.

घरी जाताना अशा पेशंटच्या हातात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून द्या : १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. सलग नाइटनंतर किंवा डोळ्यांसमोर लहान मूल गेल्यावर ज्या सिस्टरला झोप लागत नाही, तिनेही तोच नंबर फिरवायला हरकत नाही.